किओज्जाची फूड टूर: आधी वार बघा

व्हेनिसला जाणारे शेजारचं किओज्जा हे मासेमारीचं शहर सहसा वगळतात. जे जातात, त्यांतले काही नेमके सोमवारी पोचतात आणि मासळीबाजार बंद! मग टूरमध्ये उरतं काय?

१. मंगळवार ते शनिवार, सकाळचीच टूर घ्या. दुपारपर्यंत बाजार उठतो.
२. बाजारात नेणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा.
३. व्हेनिसच्या पिआत्साले रोमा या चौकातून थेट बस आहे, साधारण तासाभराची. हॉटेलातला नाश्ता टाळा. 'सार्दे इन साओर', म्हणजे तळून कांदा-व्हिनेगरमध्ये मुरवलेली तारली, भुकेल्या पोटीच खावी.

शाकाहाऱ्यांनी आधीच कळवावं. 'बीगोली इन साल्सा' हा पास्ता दिसतो साधा, पण त्याच्या कांद्याच्या सॉसमध्ये खारवलेला मासा विरघळलेला असतो.