हेल्थ प्रमोशनच्या परिषदेत पहिला पेपर वाचताना: "किती जण आले" याच्या पुढे काय?

सत्रं घेतली, पत्रकं वाटली, आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली, गुण वाढले. एवढ्यावर हेल्थ प्रमोशनच्या, म्हणजे आरोग्यसंवर्धनाच्या, परिषदेत पेपर वाचायला निघाला असाल तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट (पेपरचा सारांश) पाठवण्याआधी जरा थांबा. एवढं पुरत नाही, ही गोष्ट मंचावर कळून काही उपयोग नसतो.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गावपातळीवर आरोग्यशिक्षणाचं काम करते. माझा विषय माकडताप. २०१५ साली पाली गावात साथ आली, तेव्हापासून आमच्याकडे हे नाव घरोघरी माहीत आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो, आणि त्याचा जोर असतो नेमका काजूच्या हंगामात. बायका पहाटे बोंडू (काजूची फळं) वेचायला रानात जातात त्याच दिवसांत. रानात शिरताना अंग झाका, उघड्या भागाला गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा. हे आम्ही वाड्यावाड्यांवर सांगत होतो आणि त्याच कामावर माझा पेपर होता.

वाचून झालं. अध्यक्षस्थानी बसलेल्या डॉक्टर बाईंनी अगदी सौम्यपणे विचारलं, "ज्यांचं तेलाबद्दलचं उत्तर बरोबर आलं, त्यांच्यातल्या किती जणी दुसऱ्या दिवशी तेल लावून रानात गेल्या?"

माझ्या स्लाइडवर हजेरी होती, सरासरी गुण होते, पी-व्हॅल्यू (गुणांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, याचा अंदाज देणारा आकडा) होती. हे उत्तर नव्हतं.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण तो आपल्या रोजच्या नोंदवहीतच लावलेला असतो. महिन्याचा अहवाल काय विचारतो? सत्रं किती, उपस्थिती किती, पत्रकं किती. वर्षभर तेच रकाने भरले की तेच आपल्याला फलित वाटायला लागतं. पण ती आपण केलेल्या कामाची मोजणी झाली. लोकांच्या वागण्यात काय बदललं, त्यांच्या आजूबाजूला काय बदललं, हे त्यात कुठेच येत नाही. मग कोणीतरी सुचवतं, "प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट घ्या, पेपर होतो." घेतो. तासापूर्वी सांगितलेलं तासाभराने विचारलं की गुण वाढणारच. तुलनेला दुसरा गट नाही, महिन्याने पुन्हा कोणी विचारायला गेलेलं नाही. अशा वेळी पी-व्हॅल्यू कितीही लहान आली तरी तिचा अर्थ एवढाच, की बायकांनी आपलं बोलणं लक्ष देऊन ऐकलं. त्यांनी तेल लावलं, असा तिचा अर्थ होत नाही. आणि गोचीड काही गुण बघून चावत नाही.

हेल्थ प्रमोशनच्या मंडळींना हा फरक इतका महत्त्वाचा का वाटतो, याचं उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत ठरलेल्या १९८६ च्या ओटावा सनदेत आहे. त्यात कामाच्या पाच दिशा दिल्या आहेत: आरोग्याला पोषक धोरणं, पोषक परिसर, लोकांची सामूहिक कृती, व्यक्तीची कौशल्यं आणि आरोग्यसेवेची नवी दिशा. आपली सत्रं आणि पत्रकं चौथ्या दिशेत येतात, तीही अर्धीमुर्धी. उरलेल्या चारांबद्दल पेपरात अवाक्षर नसेल तर परीक्षक विचारणारच, की हे आरोग्यशिक्षण झालं, संवर्धन कुठे आहे? सनद पाठ करून पहिल्या स्लाइडवर डकवू नका, सगळेच डकवतात. आपलं काम त्या पाचांपैकी कुठे बसतं आणि कुठे बसत नाही, हे एका वाक्यात सांगता आलं की पुरे.

आता धीराची गोष्ट. लोकांच्या वागण्याची माहिती बहुतेक वेळा आपल्याकडे असते, फक्त आपण ती माहिती मानत नाही. आमच्या एएनएम ताईंच्या (गावात फिरणाऱ्या परिचारिकेच्या) वहीत समासात बारीक अक्षरात नोंदी होत्या. कोळंबीवर, म्हणजे रस काढायच्या जागेवर, बोंडू तुडवणाऱ्या एका बाईने त्यांना सांगितलं होतं, "तेलाचा हात बोंडवांना लागला तर रसाला वास मारतो, मग भट्टीवाला कुरकुर करतो." दुसरीने सांगितलं होतं, बाटली घरात फळीवर राहते आणि अंधारात निघताना आठवत नाही. या दोन वाक्यांत माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त होतं. बाटली घराऐवजी बागेतल्या मांगरात (झोपडीवजा शेतघरात) ठेवली तर? तेल आधी पायांना लावून हात धुतले तर? पावणीत (लिलावात) बाग घेणाऱ्यालाच बाटल्या ठेवायला सांगितलं तर? इथे परिसर आला, सामूहिक कृती आली. तेल लावलं की नाही हे मोजायलाही मोठा प्रकल्प लागत नाही. ठरावीक दिवशी सकाळी रानाच्या वाटेवर उभं राहून विचारा, बाटलीतलं तेल किती उतरलं ते बघा, पंधरवड्याने पुन्हा बघा. १९९९ मध्ये मांडलेली 'री-एम' (RE-AIM) नावाची, कार्यक्रमाचं मूल्यमापन करायची चौकट यासाठी उपयोगी पडते. पोहोच, परिणाम, स्वीकार, अंमलबजावणी आणि टिकाव अशी पाच अंगं. पाचही मोजायचा अट्टहास नको. कुठलं मोजलं आणि कुठलं नाही, हे स्वच्छ सांगा.

आणि मोजायला वेळच उरला नसेल तर? तरीही जा. "आम्ही पोहोच आणि माहिती मोजली, वागणूक मोजली नाही, पण तेल न लावण्याची ही कारणं बायकांनी सांगितली" असं सरळ लिहा. असा पेपर मला स्वतःला गुळगुळीत पेपरापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. अडचण होते ती हजेरीला 'यश' म्हणण्याने.

एका बाबतीत मात्र सूट नाही. लोकांकडून माहिती गोळा करून ती परिषदेत मांडायची असेल तर एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आधी घ्या. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. काम उरकल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मागायला जाऊ नका. फोटोंचंही तसंच. मांगरात बसलेल्या बाईचा चेहरा पडद्यावर दाखवायचा असेल तर तिला विचारा, आणि तो कुठे दिसणार आहे तेही सांगा.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्यांनी अ‍ॅबस्ट्रॅक्ट उघडून बघितलेला नाही पण ज्यांचं नाव पहिलं हवं आहे, असे ज्येष्ठ टाळता येत असतील तर टाळा. त्यापेक्षा ज्या व्यक्तीने तुमच्या गावात पाय घातलेत तिला मसुदा दाखवा, मग ती पदाने कितीही लहान असो. माझा मसुदा सगळ्यात जास्त सुधारला तो अंगणवाडी सेविकेने. "हे तुम्ही लिहिलंय, पण आमच्याकडे असं होत नाही" हे वाक्य मोठ्या पदावरचं कोणी बोलणार नाही. आणि ईमेलवर अचानक येणारी 'ग्लोबल काँग्रेस'ची निमंत्रणं थेट कचऱ्यात टाका. वक्ता म्हणून बोलावतात, स्तुती करतात, मग शुल्क मागतात. आयोजक संस्था कोणती, आधीच्या परिषदेतले सारांश कुठे छापले, परीक्षण कोण करतं, हे सापडत नसेल तर एक रुपयाही भरू नका.

मांडणीबद्दल फार सांगत नाही, ते इतरत्र भरपूर आहे. दहा मिनिटं मिळतील असं पत्रात लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात आधीचा वक्ता तीन मिनिटं खातो. म्हणून सहा मिनिटांची प्रत तयार ठेवा आणि निष्कर्ष मधल्या स्लाइडवर आणा. गोव्यात परिषद असेल तर अजून एक: दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सभागृह ओस पडतं, बाहेरगावचे पाहुणे कळंगुटच्या किनाऱ्यावर निघालेले असतात. निवड करायची सोय असेल तर सकाळची वेळ मागा. नाही मिळाली तर रिकाम्या खुर्च्या मनाला लावून घेऊ नका. त्या वेळी जे बसलेले असतात ते विषयासाठीच बसलेले असतात.

इंग्रजीची भीती माझ्यासारख्या मराठी माध्यमातल्यांना असतेच. माझा उपाय असा, की बोलायचं ते आधी मराठीत लिहायचं, आपल्या वाडीतल्या बाईला समजेल इतकं सोपं, आणि मग इंग्रजीत न्यायचं. वाक्यं आपोआप छोटी होतात. प्रश्नोत्तरांत अडलात तर "मी हिंदीत सांगते" म्हणा, कोणी हरकत घेत नाही. माहीत नसेल तर "हे आम्ही मोजलेलं नाही" एवढंच म्हणा आणि थांबा. सारवासारव करायला लागलं की पुढचे तीन प्रश्न तिथेच येतात.

माझं सत्र संपल्यावर सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गची एक आरोग्यसेविका भेटायला आली. तिच्या भागातही माकडताप आहे, तिथेही काजू आहे, तिथेही बाटल्या फळीवरच असतात. तिने तुडवणाऱ्या बायकांचा मुद्दा पुन्हा समजावून मागितला आणि मी ताईंच्या वहीतल्या नोंदी तिला वाचून दाखवल्या. येत्या हंगामात आम्ही दोघी आपापल्या बाजूच्या मांगरांत बाटल्या ठेवून त्या उतरतात का, हे एकाच तक्त्यात नोंदणार आहोत. मंजुरीचा अर्ज आधी केला आहे.