पेशीच्या पेपरआधी

पेशींचा धडा उघडला की बहुतेक जण अंगकांच्या, म्हणजे पेशीतल्या छोट्या भागांच्या, यादीवर तुटून पडतात. तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या, झालं पाठ! मी म्हणेन, ती यादी राहू द्या शेवटी. आधी माप आणि पटल, म्हणजे पेशीभोवती आणि बऱ्याच अंगकांभोवती असणारा पातळ पडदा, पक्कं करा.

मापाचं काम तासाभराचं आहे. मिलिमीटरचे हजार भाग केले की मायक्रोमीटर, त्याचेही हजार केले की नॅनोमीटर. हे न अडखळता करता यावं. मग तीन आकडे डोक्यात ठेवा: माणसाची लाल रक्तपेशी ७-८ मायक्रोमीटर, ई. कोलाय जिवाणू लांबीला सुमारे २ मायक्रोमीटर, प्रथिनं बनवणारा रायबोसोम २०-३० नॅनोमीटर. साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. म्हणून प्रयोगवहीत कांद्याच्या पेशीत रायबोसोम काढलात, तर आकृती पुस्तकातून उतरवली हे तपासणाऱ्याला लगेच कळतं. वर्धनाचं गणितही इथेच उरकून घ्या. ०.२ मिलिमीटरची पेशी वहीत ४० मिलिमीटर काढली, तर वर्धन २०० पट.

इतिहासाला दहा मिनिटं पुरे. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात पाहिल्या त्या रिकाम्या भिंती होत्या, जिवंत पेशी नव्हेत. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी सजीव पेशींचे बनलेले असतात हा सिद्धांत मांडला. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच येते, हे विर्चोने १८५५ मध्ये ठामपणे सांगितलं.

खरा वेळ पटलाला द्या. पुस्तक मिटून विचारा: लाल रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली तर काय होईल? पाणी आत शिरतं, ती फुगते आणि फुटते. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात आहे तशी राहते, त्याहून बऱ्याच खारट पाण्यात आक्रसते. आता हेच कांद्याच्या पेशीबाबत सांगा. शुद्ध पाण्यात ती ताठ होते पण फुटत नाही, कारण बाहेरची पेशीभित्तिका तो दाब पेलते; खारट पाण्यात भित्तिका जागच्या जागी राहते आणि आतलं पटल तिच्यापासून सुटून येतं. या दोन उत्तरांतला फरक कारणासकट सांगता आला, की भित्तिका आणि पटल यांचा गोंधळ कायमचा मिटतो. अवपरासारी (शुद्ध पाण्यासारखं), समपरासारी (०.९ टक्क्यांसारखं), अतिपरासारी (जास्त खारट) हे शब्द त्यानंतर पाठ करा, आधी नको. आधी पाठ केलेले नेमके ऐन वेळी उलटे होतात.

आता ती यादी. प्रत्येक अंगकापुढे लिहा: पटल नाही, एक की दोन? रायबोसोमला एकही नाही. लयकारिका आणि रिक्तिका (साठवणीच्या पिशव्या) यांना एकेक. केंद्रक, तंतुकणिका आणि हरितलवक (वनस्पतीत अन्न बनवणारे हिरवे कण) यांना दोन-दोन. वनस्पतीत हरितलवक असतात म्हणून तंतुकणिका नसतात, असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. दोन्ही असतात. आणि कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवक नसतात, तिथे हिरवे ठिपके देऊ नका.

विभाजन वाचून येत नाही, दोऱ्यांनी मांडून येतं. दोन रंगांचे, लांब-आखूड दोरे गुणसूत्रं समजून घ्या आणि प्रत्येक अवस्था टेबलावर सरकवून बघा. दर वेळी मोजा. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, मध्यावस्थेतही (ती पेशीच्या मधोमध ओळीत येतात तेव्हा) ४६च, फक्त प्रत्येकाला दोन क्रोमॅटिड, म्हणजे दोन सारख्या प्रती जोडलेल्या. पुढच्या पश्चावस्थेत त्या प्रती सुट्या झाल्या की थोडा वेळ ९२, आणि शेवटी दोन्ही पेशींत ४६-४६. अर्धगुणसूत्री विभाजनात (ज्यातून बीजपेशी बनतात) मात्र पहिल्या फेरीतच जोड्या फुटतात आणि २३ उरतात. मला स्वतःला हे तिसऱ्यांदा दोरे मांडल्यावर उमगलं, त्यामुळे पहिल्या दिवशी जमलं नाही तर वैतागू नका.

प्रात्यक्षिक असेल तर कांद्याला आयोडिन, गालाच्या पेशींना मेथिलीन ब्लू. कव्हरस्लिप तिरकी टेकवून सुईने हळूच खाली सोडा, आणि फोकस कमी वर्धनाच्या भिंगापासून सुरू करा. काळ्या जाड कडेचा गोल गरगरीत आकार दिसला तर तो हवेचा बुडबुडा आहे. त्याची आकृती काढू नका.