अरबीत बेत कसा सुचवायचा: ‘यल्ला’च्या आधीचं आणि नंतरचं

अरब देशात आठवडाभर राहिलेल्या माणसालाही ‘यल्ला’ येतं. टॅक्सीवाला म्हणतो, मुलांना शाळेच्या बसकडे पिटाळणारी आई म्हणते, फोन ठेवतानाही लोक ‘यल्ला, बाय’ म्हणतात. पण ‘यल्ला’ म्हणजे ‘चला’, आणि ते शोभतं बेत ठरल्यावर. न ठरलेला बेत समोरच्यापुढे ठेवायचा असेल, ‘संध्याकाळी चहाला जाऊया का?’ असं विचारायचं असेल, तर नुसत्या ‘यल्ला’ने भागत नाही. चुकीच्या वेळी म्हटलं तर घाई लावल्यासारखं होतं, कधी हाकलल्यासारखंही. कामानिमित्त आखातात असलेल्यांना, किंवा कैरो-अम्मानकडे जाणाऱ्यांना, रोज लागणारी ही गोष्ट पुस्तकात मात्र सरळ सापडत नाही.

पायरी १: कोणाशी बोलणार ते आधी ठरवा

पुस्तकी अरबीत ‘जायचं का?’साठी ‘मा रअ्युका अन् नध्हबा’ असं वाक्य मिळेल. ‘चला’साठी ‘हय्या बिना’. व्याकरणाला धरून आहे, सगळ्यांना कळतंही. पण मित्राशी असं कोणी बोलत नाही. लहान मुलांची कार्टून्स प्रमाण अरबीत डब होतात, त्यामुळे तुम्ही ‘हय्या बिना’ म्हणालात की ऐकणाऱ्याला आधी तीच आठवतात.

तेव्हा बोली निवडा. इथे तीन घेतो: इजिप्तची, शामची (सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाइन) आणि आखाताची. दुबईत किंवा दोहात राहत असलात तरी आखाती बोलीच शिकली पाहिजे असं नाही. तुमच्या ऑफिसात शेजारी बसणारा अरब इजिप्तचा किंवा सीरियाचा असण्याची शक्यता चांगलीच आहे. ज्याच्याबरोबर जेवायला जायचंय त्याची बोली शिका. कोणाबरोबर ते अजून ठरलंच नसेल तर इजिप्तची घ्या. सिनेमा आणि मालिकांमुळे ती सगळीकडे कळते.

पायरी २: ‘न’ लावायला शिका

खरी किल्ली इथे आहे, म्हणून जरा रेंगाळू. मराठीत ‘जाऊया, खाऊया, बघूया’ असं शेवटी ‘ऊया’ लागतं. अरबी बोलींत हेच काम क्रियापदाच्या सुरुवातीचा ‘न’ करतो. ‘तरूह’ म्हणजे तू जाशील, ‘नरूह’ म्हणजे आपण जाऊ. प्रश्नाच्या सुरात नुसतं ‘नरूह?’ म्हटलं तरी ‘जायचं?’ असा अर्थ निघतो.

पाठ करायला इतकी पुरेत: नरूह (जाऊया, इजिप्तमध्ये थोडं ‘निरूह’), निश्रब (पिऊया), नाकुल (खाऊया, आखातात ‘नाकिल’), नित्ग़द्दा (दुपारचं जेवूया), नित्अश्शा (रात्रीचं जेवूया), नित्मश्शा (फेरफटका मारूया), नशूफ (बघूया), निस्हर (रात्री गप्पा मारत जागूया). ‘नरूह’मधला ह घशातून येतो, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडताना येतो तसा. तो नीट जमला नाही तरी कोणी अडत नाही.

दोन क्रियापदं एकापाठोपाठ ठेवता येतात, मध्ये काही घालावं लागत नाही: ‘नरूह नित्अश्शा’, जेवायला जाऊ. ‘नरूह निश्रब करक’, करक प्यायला जाऊ. करक म्हणजे आखातातला दुधाचा, वेलची घातलेला चहा. आपला ‘कडक’च तो, अरबीत ड नाही, म्हणून करक झाला.

इथे एक सापळा आहे. या ‘न’च्या आधी काही चिकटलं की अर्थ बदलतो. इजिप्तमध्ये ‘बिनरूह’ म्हणजे आपण (नेहमी) जातो, आणि ‘हनरूह’ म्हणजे आपण जाणार आहोत. शाममध्ये तेच ‘म्नरूह’ आणि ‘रह नरूह’. म्हणजे सुचवायला निघालात आणि तोंडून ‘हनरूह’ गेलं, तर ते ‘जाऊया का’ राहत नाही, ‘आपण जाणार आहोत’ अशी घोषणा होते. वरिष्ठांसमोर हे जरा महागात पडतं. बेत सुचवताना ‘न’ मोकळा ठेवायचा.

दुसरा सापळा भूगोलाचा. हा नियम इजिप्तपासून पूर्वेकडचा. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाकडे ‘न’ म्हणजे ‘मी’. तिथे ‘नम्शी’ म्हणजे मी जातो, आणि ‘आपण जाऊ’साठी शेवटी ‘ऊ’ लावून ‘नम्शीऊ’ म्हणतात. कासाब्लांकात ‘नरूह’ म्हणून वाट बघत उभे राहिलात तर लोक तुम्हाला खुशाल जाऊ देतील.

पायरी ३: पुढे एक दार जोडा

‘न’चं क्रियापद तयार झालं की त्याच्यापुढे सुरुवात लावायची. सगळ्यात सभ्य आणि सगळीकडे चालणारी सुरुवात म्हणजे ‘तुझं काय मत?’

इजिप्तमध्ये: ‘एह रअ्यक निरूह इस-सिनेमा?’ शाममध्ये: ‘शू रअ्यक नरूह…?’ आखातात हे सगळं आवळून एकच शब्द होतो, ‘श्रायक’: ‘श्रायक नरूह नित्अश्शा?’ सौदीत रियाधकडे ‘वेश रायक’ ऐकू येईल.

घरोब्याच्या माणसासाठी इजिप्तची एक लाडिक सुरुवात आहे: ‘मा तीगी निश्रब अहवा?’ ये ना, कॉफी पिऊ. यातला ‘मा’ नकाराचा नाही, आपल्या ‘ये ना’मधल्या ‘ना’सारखा आग्रहाचा आहे. नवख्याला तो हमखास ‘नको’ वाटतो. शाममध्ये अशा वेळी ‘ख़ल्लीना नरूह’ आणि आखातात ‘ख़ल्लना नरूह’ म्हणतात. पुरुषाला ‘तआल’, बाईला ‘तआली’, अनेकांना ‘तआलू’ हेही चालतं.

कॉफी प्रत्येक ठिकाणी वेगळी ऐकू येते: कैरोत ‘अहवा’, बैरूतमध्ये ‘अहवे’, कुवेतमध्ये ‘गहवा’. शिवाय कैरोतली ‘अहवा’ म्हणजे कॉफी पितात ती जागासुद्धा, रस्त्याकडेचा चहा-हुक्क्याचा अड्डा. तिथे गेल्यावर चहा मागवला तरी कोणाला नवल वाटत नाही.

पायरी ४: पुरुष, बाई, अनेक, वडीलधारे

मराठीत ‘तुझं काय मत’ म्हणताना समोर पुरुष की बाई याने फरक पडत नाही. अरबीत पडतो. ‘रअ्यक’ पुरुषाला, ‘रअ्यिक’ बाईला. आखातात ‘श्रायक’चं कुवेत, बहरीन, अमिरातीकडे बाईसाठी ‘श्रायिच’ होतं. अनेकांना इजिप्तमध्ये ‘रअ्युकु’, आखातात ‘श्रायकुम’.

माझा सल्ला असा, की अनेकवचन आधी पक्कं करा. त्यात लिंगाची भानगड नाही, आणि बेत गटापुढे ठेवल्यासारखा वाटतो. आखातातल्या परंपरेने चालणाऱ्या मंडळींत परक्या पुरुषाने एकट्या बाईला ‘जाऊया का’ विचारणं बरं दिसत नाही. ‘श्रायकुम’ म्हणून सगळ्या टेबलाला विचारलं की तो प्रश्नच येत नाही.

वडीलधाऱ्यांना किंवा साहेबांना इजिप्तमध्ये ‘हद्रितक’ (बाईंना ‘हद्रितिक’) लावतात: ‘एह रअ्य हद्रितक?’ आपलं काय मत? शाममध्ये आणि आखातात नावाऐवजी ‘या अबू ख़ालिद’ अशी थोरल्या मुलाच्या नावावरून हाक मारली की आदर आणि जवळीक दोन्ही साधतात.

पायरी ५: आधी सवड विचारा, मग वेळ ठरवा

बेत एकदम अंगावर टाकण्याआधी ‘फादी?’ विचारा. मोकळा आहेस? बाईला ‘फाद्या?’. उत्तर ‘मशग़ूल’ आलं तर ते मराठीला ओळखीचंच आहे.

उद्या म्हणजे ‘बुक्रा’, आखातात ‘बाचिर’. कुठे: इजिप्तमध्ये ‘फेन’, बाकी दोन्हीकडे ‘वेन’. कधी: ‘इम्ता’, ‘एम्ता’, ‘मिता’, त्याच क्रमाने.

घड्याळापेक्षा नमाजाच्या वेळेवर बेत बांधायची सवय तिकडे पक्की आहे. ‘बअद इल-मग़रिब’, सूर्यास्ताच्या नमाजानंतर. ‘बअद इल-इशा’, रात्रीच्या नमाजानंतर. ही वेळ ऋतूप्रमाणे सरकते, म्हणून ‘इशानंतर’ ठरलं असेल तर त्या दिवशीची वेळ बघून ठेवा. आणि ‘इशा’ म्हणजे नमाज, ‘अशा’ म्हणजे रात्रीचं जेवण. ‘बअद इल-अशा’ समजून चाललात तर पोट भरून पोचाल आणि बाकीचे तुमच्यासाठी उपाशी थांबलेले असतील.

वारांचंही बघा. सौदी, कुवेत, कतार, इजिप्तमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी, म्हणजे बाहेर पडायची रात्र गुरुवारची. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्धा दिवस. शारजात शुक्रवारपासून तीन दिवस. त्यात आणखी एक गंमत: जुन्या पद्धतीने दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे ‘लेलत इल-जुमआ’, शुक्रवारची रात्र, म्हणजे प्रत्यक्षात आपली गुरुवारची रात्र. शंका नको असेल तर ‘इल-ख़मीस बिल-लेल’, गुरुवारी रात्री, असं सरळ म्हणा.

एवढ्यावर एक पूर्ण संवाद होतो, आखाती बोलीतला:

— श्रायकुम नरूह नित्अश्शा? (जेवायला जायचं का सगळ्यांनी?)
— फिक्रा हिल्वा! वेन? (छान कल्पना! कुठे?)
— अल-कोर्नेश. (कोर्निशवर.)
— मिता?
— बाचिर, बअद इल-इशा.
— ज़ेन, इन्शाल्ला. (ठीक, देवाची इच्छा असेल तर.)

कोर्निश म्हणजे पाण्याकाठचा लांब रस्ता. दोहा, अबू धाबी, जेद्दा, बैरूत, अलेक्झांड्रिया, सगळीकडे आहे. बेत सुचत नसेल तर ‘नित्मश्शा अल-कोर्नेश’ कधीच वाया जात नाही. हिवाळ्यात आखातात ‘कश्ता’ सुचवून बघा: वाळवंटात चूल, चटया, चहा घेऊन जायची सहल. ‘नरूह इल-बर्र’ म्हटलं तरी हेच कळतं. इजिप्तमध्ये सहलीला ‘फुस्हा’, शाममध्ये ‘मिश्वार’.

पायरी ६: उत्तर वाचा

वरच्या संवादात शेवटी आलं ते ‘इन्शाल्ला’ हो की नाही? बहुतेक हो, कारण त्याच्याआधी ‘ज़ेन’ आहे आणि जागा-वेळ त्याने विचारून घेतली. पक्क्या होकाराचे शब्द वेगळे आहेत: ‘माशी’ आणि ‘तमाम’ इजिप्त-शामकडे, ‘ज़ेन’ आखातात, आणि ‘ठरलं’ म्हणायला ‘इत्तफअ्ना’ (इजिप्त, शाम). नुसतं ‘इन्शाल्ला’, त्याला जोडून ‘नशूफ’, आणि पुढे काहीच विचारणा नाही, तर ते आपलं ‘बघू, जमवू’ आहे. पाठपुरावा करू नका. त्याने सभ्यपणे सुटका करून घेतली आहे.

उलट बाजूने, तुम्हाला आलेलं प्रत्येक आमंत्रणही खरं नसतं. इजिप्तमध्ये ‘उज़ूमित मराक्बिय्या’ म्हणतात, नावाड्याचं आमंत्रण: नदीच्या मधोमध होडीत जेवत बसलेला नावाडी काठावरच्या माणसाला ‘या जेवायला’ म्हणतो, आणि तो येऊ शकणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. दारातून निघताना, लिफ्टचं दार मिटताना ऐकू येणारं ‘इत्फद्दल’ (या ना) हे बहुधा असं. ‘शुक्रन’ (धन्यवाद) म्हणून हसून पुढे जायचं. पण पहिल्या नकारानंतरही तोच माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आग्रह करत असेल, दिवस सांगत असेल, तर आमंत्रण खरं आहे, आणि आता नाही म्हणणं रुसवा ओढवून घेणं. तुम्ही बोलावताना हेच पाळा. पहिल्या ‘ला, शुक्रन’वर गप्प बसलात तर तुम्ही नावाडी ठरता.

पायरी ७: पैसे कोणाचे

‘नरूह नित्अश्शा’मध्ये पैशांचं काही ठरत नाही. पण ‘अना आज़मक’ (इजिप्त) म्हणालात, मी तुला बोलावतोय, तर बिल तुमचं. ‘अला हसाबी’, माझ्या हिशेबात, याचाही अर्थ तोच. बिल आल्यावर खेचाखेच होतेच. ‘ख़ल्लीहा अलय्य’, माझ्यावर राहू दे, असं म्हणून हात पुढे करायचा. समोरच्याने ‘वल्ला मा तिद्फअ’, शपथ, तू द्यायचे नाहीस, असं म्हटलं की मागे घ्यायचा. वर्गणी काढायची पद्धत तरुणांत आहे, पण ती पहिल्याच भेटीत सुचवू नका.

ऐनवेळी जमत नसेल तर

‘मा अग्दर’ आखातात, ‘मा बिअ्दर’ शाममध्ये, ‘मिश हअ्दर’ इजिप्तमध्ये: मला जमणार नाही. नुसतं एवढंच म्हणणं तुटक वाटतं. आधी ‘वल्ला’ लावा, कारण सांगा, आणि त्याच दमात दुसरा दिवस पुढे करा: ‘वल्ला मशग़ूल, ख़ल्लीहा बुक्रा’. शपथेवर सांगतो, कामात आहे, उद्यावर ठेवू. दिवस सांगता येत नसेल तर ‘मर्रा तान्या’, पुन्हा कधीतरी. आखातात ‘मर्रा थान्या’.