दूरच्या नौदल मोहिमेचा खर्च बजेटमध्ये कसा शोधायचा

माझे वडील हर्णैला बोटीवर तांडेल होते. हिशेबाच्या वह्या दोन: एकीत डिझेल, बर्फ, खलाशांचा शिधा, दुसरीत इंजिन, जाळी, बोटीची डागडुजी. पुढे भाऊ नौदलात गेला, एडनच्या आखातात गस्तीवर होता. ती गस्त ऑक्टोबर 2008 पासून चालू आहे. तिला किती पैसे लागतात हे शोधताना मला या दोन वह्याच उपयोगी पडल्या.

केंद्रीय बजेटमधल्या ‘अनुदानाच्या मागण्या’, म्हणजे कुठल्या मंत्रालयाला कशासाठी किती पैसे हवेत याचे तक्ते, उघडा. संरक्षण मंत्रालयाच्या चार असतात: नागरी, महसुली, भांडवली, निवृत्तिवेतन. महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चाची, घ्या आणि त्यात मुख्य शीर्ष 2077, म्हणजे नौदल, काढा. मोहिमेचं नाव शोधत बसू नका. ‘ऑपरेशन संकल्प’ ही व्यापारी जहाजांच्या रक्षणाची नौदल मोहीम; ते नाव शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. खर्च वेतन, सामग्री, वाहतूक, दुरुस्ती अशा शीर्षांत वाटून गेलेला असतो.

आता पहिली वही. नौसैनिकाचा पगार जहाज मुंबईत उभं असलं तरी द्यावाच लागतो, म्हणून तो धरू नका. जास्तीचं इंधन, जास्तीचे भत्ते, परक्या बंदरातला खर्च एवढंच धरा.

दुसरी वही बहुतेक जण उघडतच नाहीत. वडिलांना वर्षाचा खरा खर्च कळायचा तो पावसाळ्यात, बोट वर ओढल्यावर. जहाजाचंही तसंच आहे. खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने धावलेल्या यंत्रांची मोठी दुरुस्ती पुढच्या एखाद्या वर्षाच्या बजेटात येते. म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांची दुरुस्तीची ओळही पाहा. आकडा घ्यायचा तो ‘प्रत्यक्ष’ रकान्यातला, आणि तो उशिरा येतो: 2023-24 चा प्रत्यक्ष खर्च 2025-26 च्या बजेटात छापला गेला.

मध्येच पैसे कमी पडले तर राज्यघटनेच्या कलम 115 खाली पुरवणी मागणी येते, तीही तपासा. अगदी तातडीसाठी आकस्मिकता निधी आहे. 2021 मध्ये तो 500 कोटींवरून 30,000 कोटी झाला.

अमेरिकेने परदेशी मोहिमांसाठी 2021 च्या आर्थिक वर्षापर्यंत वेगळा कप्पा ठेवला होता. पण 2011 च्या कायद्याने खर्चावर मर्यादा आली आणि हा कप्पा तिच्या बाहेर राहिला, तेव्हा नेहमीचे खर्चही त्यात ढकलले गेले. त्यामुळे नुसती वेगळी ओळ मला पुरेशी वाटत नाही. वाढीव खर्च संसदेला सांगितला गेला पाहिजे.

म्हणून शेवटी आपल्या खासदारांना पत्र लिहा आणि लेखी उत्तराचा, अतारांकित प्रश्न विचारायला सांगा: या मोहिमेवर वर्षभरात किती जहाजं किती दिवस होती, जास्तीचं इंधन किती लागलं, आणि परतल्यावर दुरुस्तीला किती गेले?