प्राचीन नाण्यांचा विषय बदलताना आधी जोडनाणं घ्या

रोमन सम्राटांची नाणी जमवता जमवता मन दुसरीकडे वळायला लागतं, मग घाईत जुनं सगळं विकलं जातं आणि त्यातलीच काही नंतर जास्त पैसे देऊन परत घ्यावी लागतात. त्यापेक्षा असं करा:

१. जुन्या आणि नव्या दोन्ही विषयांत बसेल असं एक नाणं, म्हणजे जोडनाणं, आधी घ्या. म्हणजे सम्राट हेड्रियनचे डिनेरियस (रोमन चांदीची नाणी) आहेत आणि प्रांतिक नाण्यांकडे (रोमन साम्राज्याच्या प्रांतांत पाडलेल्या) जायचंय तर त्याचंच इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचं टेट्राड्रॅक्म (चार ड्रॅक्मांचं नाणं) बघा, चेहरा ओळखीचाच पण अक्षरं ग्रीक, आणि एल सारख्या खुणेशेजारी राज्यवर्षाचा, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीतल्या कितव्या वर्षाचं ते सांगणारा आकडा असतो त्यामुळे नाणं नेमकं कुठल्या वर्षी पाडलं तेही कळतं, हे स्वतः वाचता आलं की खरंच फार भारी वाटतं!

२. मग काही महिने नव्या विषयाचे लिलाव नुसते बघा, भाव आणि दर्जा डोळ्यात बसू द्या.

३. तरीही ओढ टिकली तरच विका, आधी डुप्लिकेट.

फक्त एक सांभाळा, विकायच्या नाण्याला चकाकी आणायला जाऊ नका, पॅटिना (काळानुसार धातूवर चढलेला थर) गेला की किंमत पडते आणि तो परत आणता येत नाही.