सुई डोळ्याबाहेर, औषध अंगभर

रेसिडेन्सीत पहिल्यांदा पोस्टेरियर सबटेनॉन इंजेक्शन (डोळ्याच्या भिंतीबाहेर, मागच्या बाजूला स्टेरॉइड सोडणं) देताना माझं सगळं लक्ष हाताकडे होतं. पेशंटची नजर खाली आणि नाकाकडे, बेव्हल (सुईच्या टोकाची तिरकी बाजू) डोळ्याकडे, सुई पुढे सरकवताना डावी-उजवी हलवत राहायची आणि तिच्याबरोबर बुबुळही हललं, म्हणजे सुई डोळ्याच्या भिंतीत अडकली असेल, तर तिथेच थांबायचं. हे नीट जमलं म्हणून मी खूश होते. तीन दिवसांनी तेच पेशंट घसा कोरडा पडतोय, रात्रीतून चारदा उठावं लागतंय म्हणत परत आले. साखर बरीच वाढली होती. मधुमेहाची नोंद केसपेपरवर माझ्याच अक्षरात होती!

‘स्टेरॉइडच्या गोळ्या नकोत, डोळ्यालाच इंजेक्शन देऊ’ असं आपण सहज म्हणतो. ते बरोबरही आहे, गोळ्यांपेक्षा त्रास कमीच होतो. पण हिशेब करून बघा. ४० मिलिग्रॅम ट्रायअ‍ॅम्सिनोलोन (इंजेक्शनमधलं स्टेरॉइड) म्हणजे साधारण ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (गोळ्यांमधलं स्टेरॉइड). ते एकदम रक्तात जात नाही, हळूहळू झिरपतं. मधुमेहींची साखर मात्र पहिल्या काही दिवसांतच चढू शकते. म्हणून इंजेक्शनआधी साखर बघा, घरी तपासायला सांगा आणि त्यांच्या फिजिशियनना कळवा. लहान मुलांच्या बाबतीत तर एकट्याने निर्णय घेऊच नका. शरीर लहान, डोस त्या मानाने मोठा. अ‍ॅड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी) दबू शकते, चेहरा सुजून गोल होऊ शकतो.

युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) असेल तर आधी क्षयरोग, सिफिलिस, टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) या संसर्गांचा विचार करा, स्टेरॉइडने संसर्ग वाढू शकतो. गोळी बंद करता येते, टोचलेला डेपो (औषधाचा साठा) परत काढणं सोपं नाही. सेंट्रल सीरस (डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचण्याचा आजार) आहे का, तेही ओसीटीत (पडद्याच्या स्कॅनमध्ये) बघून घ्या. स्टेरॉइडने ते बळावतं.

कुपी नीट हलवा, औषध तळाशी बसतं. (भरून ठेवलेल्या सिरिंजमध्येसुद्धा.)

डोळ्याचा दाब हे माझं दुसरं दुखणं. तो बऱ्याचदा काही आठवड्यांनी चढतो आणि दुखत नाही. नजर सुधारलेली असते, मग पेशंट येणार कशाला? मी आता पुढच्या दाब-तपासणीच्या तारखा इंजेक्शनआधीच कार्डावर लिहिते आणि सोबत आलेल्या नातेवाइकांकडून मोठ्याने वाचून घेते. पापणी उतरणं, मोतीबिंदू यांचीही कल्पना तेव्हाच देते. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.