घरात मुलाचे फोटो काढताना

पोरगं घरात एका जागी ठरत नाही, म्हणून शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका; पळापळ चालू असेल तर १/५००. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, ऑटोवर टाका. आयएसओ वाढून फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला चेहरा मात्र नंतर सुधारता येत नाही. फ्लॅश बंदच. खिडकीचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर बाजूने पडेल असे बघून सरळ जमिनीवर बसा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा आणि फोकस जवळच्या डोळ्यावर धरा. ‘इकडे बघ, हस’ म्हणालात की ते ठेवणीतलं हसू आलंच! बुटाची लेस बांधताना बाहेर आलेलं जिभेचं टोक हवं असेल तर गप्प बसून वाट बघा. मोबाइल असेल तर बर्स्टवर (एका दमात पाठोपाठ अनेक फोटो) काढा आणि नको ते त्याच रात्री उडवा.